आलो गं

नवनाथच्या अंगाला दुधाचा वास येतो. नुकत्याच धारेतून निघालेल्या, किंचित उबदार, किंचित आंबूस दुधाचा तो वास त्याच्या शर्टाच्या शिवणींत, मनगटावरच्या काळ्या दोऱ्यात, टेम्पोच्या सीटवर आणि आमच्या उशांच्या अभ्र्यांतसुद्धा मुरलेला आहे. सकाळच्या निळसर उजेडात वेल्ह्याकडून खाली येणारा त्याचा टेम्पो मार्गासनीच्या वळणावर दिसण्याआधी ऐकू येतो, कारण मागच्या हौद्यात दुधाचे कॅन एकमेकांवर आदळत असतात आणि त्या खणखणाटातून त्याची शीळ आपली वाट काढत येते. मी शाळेत जायला निघालेली असते. तो टेम्पोचा वेग कमी करतो, काच खाली घेतो, माझ्याकडे बघून उगाचच गंभीर चेहरा करतो आणि पुढे निघून जातो. एवढ्यावर माझा दिवस निघतो, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणते आणि तो मला ‘बाई’ म्हणतो. मी मार्गासनीच्या शाळेत मराठी शिकवते, सगळं गाव मला बाई म्हणतं, त्यानेही चेष्टेने तेच उचललं आणि लग्नानंतर ते सोडायचं राहूनच गेलं. ‘बाई, च्या टाकता का?’ ‘बाई, रागावला का?’ माझ्या माहेरच्या, भोरच्या मंडळींना याची गंमत वाटते. माझी आई म्हणते, जावई किती मान देतात! मान मिळतो खरा; पण बायकोला नुसत्या मानाने भागत नाही. लिहिताना मात्र मी त्याला ‘तो’ म्हणणार आहे. कागदावर तरी तो माझ्या बरोबरीचा, माझ्या हक्काचा असू दे.

आणि म्हणूनच त्या एका अक्षराचा मला इतका मत्सर वाटला. ‘गं’ हे अक्षर मराठीत बाईमाणसाशिवाय कुणासाठी उच्चारताच येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला कुठेतरी कोपऱ्यात जागा मिळते, पण घरात त्याच्यावाचून पान हलत नाही. आई लेकीला, बहीण बहिणीला, मैत्रीण मैत्रिणीला आणि नवरा बायकोला ज्या एका अनुस्वारात जवळ ओढून घेतो, तो हा अनुस्वार. नवनाथने तो माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. मला वाटायचं, त्याच्या तोंडात तो नसेलच.

तो आहे, हे मला आश्विनातल्या एका संध्याकाळी कळलं. भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या, उन्हाला पिवळेपणा आला होता आणि तोरण्याची सावली हळूहळू खाली उतरत होती. तो ओट्यावर बसला होता, मी उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होते. एकाएकी त्याची मान किंचित डावीकडे वळली, लांबून कुणी हाक मारल्यावर माणसाची वळते तशी. डोळे स्थिर झाले, पण रिकामे झाले नाहीत. उलट त्यांत एक प्रसन्न, तृप्त प्रकाश उमटला. ओठ काहीतरी चाखल्यासारखे हलू लागले. मग त्याचा उजवा हात जागा झाला. अंगठा आणि दोन बोटं यांनी त्याने हवेतून एक न दिसणारं रोप घेतलं, न दिसणाऱ्या चिखलात दाबलं, पुन्हा घेतलं, पुन्हा दाबलं. भाताच्या लावणीचा तो हात मी त्याच्या गावी, पासलीच्या खाचरांत पाहिलेला होता, पण ओट्यावर, कोरड्या हवेत, इतक्या लाघवाने चाललेला पाहिला नव्हता. आणि तो म्हणाला, “आलो गं.”

त्या आवाजाचं वर्णन करायला मला आवडत नाही. तो आवाज मऊ होता, आज्ञाधारक होता, आणि त्यात हसू होतं. थोड्याच वेळात त्याने डोळे चोळले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, च्या झाला का?” म्हणजे तिला ‘गं’ आणि मला ‘बाई’.

त्यानंतर असं पुन्हापुन्हा होऊ लागलं. गाडी चालवताना कधी झालं नाही हे आमचं नशीब. तो निवांत बसला की व्हायचं. आपण काही बोललो याची त्याला आठवण नसायची, पण काही ऐकल्याची मात्र असायची. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने थेंब थेंब सांगितलं. “कोनतरी हाक मारतं. वरच्या खाचरातनं. नाव न्हाई घेत, पर हाक मलाच हाय ते कळतं.”

“बाईमाणूस?”

“व्हय.”

“ओळखीची?”

तो विचारात पडला. “लई वळखीची. पर कोन ते न्हाई सांगता येत.” मग एखाद्या लहान पोरासारखा निर्मळ चेहरा करून म्हणाला, “लई बरं वाटतं, बाई.”

नाव घेत नाही, एवढं एकच मी ऐकलं. त्याची आई त्याला नवन्या म्हणते, चुलतभाऊ नवनाथ म्हणतो, दूधसंकलनावरची माणसं नाव आणि आडनाव दोन्ही घेतात. आमच्याकडे नाव न घेता हाक मारण्याचा हक्क एकटीचाच असतो, आणि ती एकटी मी होते. पासलीला गेले तेव्हा मी सासूबाईंना आडून आडून विचारलं. लग्नाआधी कुणी होती का, लावणीला कुणी शेजारची मुलगी यायची का, असं. त्या पदराने तोंड झाकून हसल्या. “अगं, म्हशीबिगर त्येनं कुनाकडं पायलं न्हाई आजवर. तुज्याकडं पायलं ह्येच नवाल!”

मला हसू आलं नाही. तिला चेहरा मिळेना, म्हणून मीच तो देऊ लागले. वरच्या खाचराच्या बांधावर ती उभी असायची, पोटरीपर्यंत ओली, कमरेला पदर खोचलेला, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. तिला वह्या तपासाव्या लागत नसत, भांडी घासावी लागत नसत, तिचं डोकं दुखत नसे. तिने नुसती हाक मारायची आणि माझ्या नवऱ्याने सगळं टाकून निघायचं. वर्गात धडा शिकवतानाही माझं मन तिच्याशी भांडत असे. माझ्यापेक्षा ती वयाने लहान असावी अशी माझी खात्री होती, आणि मोठी होण्याचा तिचा काही विचार दिसत नव्हता.

मार्गशीर्षात, सुट्टीच्या दिवशी आम्ही पासलीला होतो. भात झोडून झालं होतं, खाचरांत नुसती धसकटं उरली होती आणि बांधावरच्या गवतावर दव चमकत होतं. नवनाथ माझ्यापुढे चालत होता. त्याची मान वळली. “आलो गं,” म्हणून त्याने दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्या पावलाला तो पडला. सारं अंग ताठ झालं, मग थडथड उडू लागलं. दातखिळी बसली, ओठांच्या कडेला फेस आला. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी फोडलेला कांदा त्याच्या नाकाशी धरला. मी त्याचं डोकं धसकटांपासून उचलून मांडीवर घेतलं होतं. त्या वेळी माझ्या मनात मत्सर नव्हता, काहीच नव्हतं, फक्त हा श्वास घेतो आहे का एवढंच होतं. शुद्धीवर आला तेव्हा त्याने आधी वरच्या बांधाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

चुलतभावाने टेम्पोतून आम्हाला भोरला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडम वयस्क आहेत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालतात आणि पेशंट बोलत असताना हातातलं पेन खाली ठेवून देतात. त्या पेन खाली ठेवण्याने की काय, नवनाथ त्यांच्यापुढे मोकळा झाला. हाकेच्या आधी तांदूळ शिजल्याचा वास येतो, छातीत ऊन पडल्यासारखं होतं, वाटतं की आता सगळं समजणार, हे सारं त्याने त्यांना एका दमात सांगितलं. मला यातला वास ठाऊक नव्हता, ऊनही ठाऊक नव्हतं. त्या बाईंचाही मला राग आला.

मॅडमनी मेंदूचा एमआरआय काढायला पुण्याला पाठवलं. यंत्राच्या त्या पांढऱ्या बोगद्यात तो बराच वेळ पडून होता आणि मी बंद दाराबाहेर बसून आतली धडधड ऐकत होते. बाहेर आला तेव्हा म्हणाला, “भाताच्या गिरनीवानी आवाज हुता, झोपच लागाया आली.” त्या यंत्राने तरी त्याला आतून पाहिलं होतं. लग्नापासून मी त्याच्या कपाळावर हात फिरवत आले, पण कपाळाच्या आत जायला वाट नसते.

फिल्म घेऊन आम्ही पुन्हा भोरला आलो, या वेळी सासूबाईही सोबत होत्या. मॅडमनी ती उजळलेल्या काचेवर लावली, खोलीतला दिवा मालवला आणि चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळ गेल्या. काळ्या काचेवर करड्या रंगाच्या सुंदर घड्या होत्या, नांगरून टाकलेल्या रानासारख्या, आणि सगळीकडे सारख्या होत्या; फक्त उजव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला, एक छोटं पांढरं कडं होतं. एवढं मलाही दिसलं. मॅडमचं मात्र तेवढ्याने भागेना. त्यांनी एक फिल्म काढली, दुसरी लावली, तिरकी धरली, मोठं भिंग घेतलं. बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा सासूबाई दचकल्या.

“असं कडं तीन गोष्टींचं असू शकतं,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “टीबीची गाठ असते तिचं असतं. वाईट गाठीचंही असतं.” एवढं बोलून त्या पुन्हा भिंगात पाहू लागल्या. तिसरी गोष्ट त्यांनी लगेच सांगितली नाही, आणि त्या मधल्या अवकाशात मी मनातल्या मनात त्या वरच्या खाचरातल्या बाईशी तडजोड करून टाकली. तू हवी तर राहा, पण हा राहू दे.

मग मॅडमचा आवाज बदलला. “हा बघा कड्याच्या आत ठिपका. दिसला? हे त्याचं डोकं. हा ठिपका नसता तर मी ठामपणे बोलले नसते. ही जंताची पुटकुळी आहे. जंताचं अंडं पोटात जातं, तिथून रक्तातून मेंदूत जाऊन बसतं. औषधाने बरं होतं.”

सासूबाई ताडकन उठल्या. त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. “अंडं? मॅडम, काय बोलताय तुमी? आमी पिढ्यान् पिढ्यांचे माळकरी. आमच्या घरात अंडं शिवत न्हाई कुनी. ह्यो भायेर कुठं खातुया का?” आणि त्यांनी लेकाकडे असं पाहिलं, की मेंदूतल्या गाठीपेक्षा त्याने चोरून ऑम्लेट खाल्ल्याचं दुःख मोठं. नवनाथ शपथा घेऊ लागला. मॅडमना हसू आवरेना. ते अंडं कोंबडीचं नव्हे, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, घाणीच्या पाण्यात धुतलेल्या मुळ्या-मेथीवरून, न धुतलेल्या हातांवरून माळकऱ्याच्याही पोटात जातं, हे त्यांनी दोनदा समजावलं. सासूबाई खाली बसल्या, पण पूर्ण पटलं नव्हतं; “तरी अंडंच ना,” असं त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या.

“आणि ती हाक?” मी विचारलं.

मॅडमनी पेनाचं टोक त्या कड्याजवळ नेलं. ऐकणं, वास, जुन्या ओळखी यांची जागा इथेच आसपास असते. तिथे सूज आली की ठिणगी उडते, आणि उडालेली ठिणगी माणसाला हाकेसारखी ऐकू येते. हाताचं ते लावणी करणंही त्याच ठिणगीचं. ही हाक म्हणजे छोटी फिटच.

म्हणजे अखेर मी तिला पाहिलं. किती काळ जिचा पदर, जिच्या बांगड्या, जिचं वय मी कल्पिलं होतं, ती भोरच्या दवाखान्यात माझ्यासमोर काचेवर टांगलेली होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिला केस नव्हते, डोळे नव्हते. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, ही किती आत राहते! मी त्याच्या घरात राहते, आणि ही त्याच्या ऐकण्यात.

तेवढ्यात नवनाथने विचारलं, “गोळ्या घेतल्या म्हंजी हाक बंद हुईल?”

“व्हायलाच हवी,” मॅडम म्हणाल्या.

तो काचेकडे बघत राहिला. मग अगदी हळू, भीड धरून म्हणाला, “थोडी ऱ्हायली तर न्हाई का चालनार?”

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “थोडी राहिली तर मोठी पुन्हा येईल. तेव्हा तुम्ही बांधावर असाल, विहिरीवर असाल, नाहीतर टेम्पोवर असाल. तुम्हाला ही हाक हवी की जीव?” त्याची नजर पुन्हा काचेकडे गेली. मी उभी होते ना शेजारी! त्या प्रश्नाला उत्तर द्यायला एखाद्या नवऱ्याला विचार करावा लागतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या क्षणी मला तिचा जीव घ्यावासा वाटला.

तो मी घेतला. टेम्पोची चावी चुलतभावाकडे गेली आणि गोळ्या माझ्या हातात आल्या. जेवणानंतर मी गोळी त्याच्या तळव्यावर ठेवायची, पाण्याचा तांब्या द्यायची आणि तो गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पहिलीतल्या पोरांना सांगतात तसं ‘आ करा’ म्हणायची. लोक म्हणत, बाईंनी किती सेवा केली. सेवा होतीच, ती खोटी नव्हती. पण प्रत्येक गोळीबरोबर सवतीच्या ताटात विष वाढल्याचा आनंदही मला होत होता, आणि तो आनंद मी कुणापासूनही लपवू शकले तरी नवनाथपासून नाही. एकदा गोळी गिळून तो म्हणाला, “बाई, तुमी लईच मन लावून देता बगा.”

औषधांनी त्याचा चेहरा सुजला, शीळ थांबली, अंगाचा दुधाचा वास उडाला आणि त्या जागी औषधांचा वास आला. हाका विरळ होत गेल्या. थंडी सरता सरता त्या थांबल्याच. फाल्गुनातल्या एका संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता. बांधावरचा पळस फुलला होता आणि भाटघरकडून येणारा वारा कोरडा, हलका झाला होता. त्याने आपणहून मान डावीकडे वळवली. मी दारातून पाहत होते. डोळ्यांत प्रकाश नव्हता, नुसतं वाट पाहणं होतं. उजवा हात मांडीवर स्वस्थ पडला होता, सुगीनंतरच्या अवजारासारखा. त्याने मला विचारलं, “बाई, तुमाला कवा आशी हाक आली का वो?” मला कधीच आली नाही, असं मी सांगितलं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. तिला मारून झाल्यावरही तिच्याकडून मी हरले, असं मला वाटलं.

पुढच्या तपासणीत कडं नाहीसं झालं होतं. त्या जागी पांढरा, कोरडा ठिपका तेवढा राहिला होता, आणि तो आता असाच राहील, त्याला घाबरायचं नाही, असं मॅडम म्हणाल्या. गोळ्या चालूच ठेवायच्या, टेम्पो मात्र त्या सांगतील तेव्हाच. नवनाथ उठला, काचेजवळ गेला आणि त्याने त्या ठिपक्यावर आपलं बोट अलगद ठेवलं. त्याचं बोट धरून बाजूला करावं असं मला फार वाटलं. मी तसं केलं नाही, पण मॅडमनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना कळलं असावं.

लावणीला आम्ही सगळे पासलीला होतो. आभाळ खाली आलं होतं, डोंगर अर्धे दिसत होते आणि खाचरांतलं गढूळ पाणी पोपटी रोपांनी भरत चाललं होतं. तो खालच्या खाचरात वाकून रोपं लावत होता. अंगठा आणि दोन बोटं. या वेळी रोप खरं होतं आणि चिखलही खरा होता. चेहऱ्याची सूज उतरली होती. मी चहाची किटली घेऊन वरच्या वाटेने आले, निसरडं होतं म्हणून वरच्याच बांधावर थांबले आणि तिथून ओरडले, “अहो, चहा!”

त्याची मान वळली. “आलो गं,” तो म्हणाला.

किटली माझ्या हातून सुटली. मी बांधावरून उडी मारली, साडीनिशी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले, लावलेली रोपं तुडवत त्याच्यापर्यंत पोचले आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. डोळे हलताहेत का? ओठ काही चाखताहेत का? हात, उजवा हात? “वार कोणता आज? सांगा. मी कोण आहे? मी कोण?” तो आधी घाबरला. मग माझ्या चिखलाच्या बोटांत त्याचे गाल हसू लागले.

“अवो बाई, तुमालाच म्हनलं की. हाक तुमीच मारली न्हवं?”

“मग ‘गं’ का म्हणालात?”

“आसंच आलं तोंडात.”

मी त्याच्या छातीवर डोकं टेकून रडले, आणि खरं सांगायचं तर त्यात आनंद निम्माच होता. ज्या अक्षरासाठी मी इतकी जळले ते मला मिळालं होतं; पण ते आधी तिच्यासाठी रुळलेलं, तिने वापरून मऊ केलेलं असं मिळालं, आणि मिळालं तेव्हा मी त्याला रोग समजून धावत गेले. वरच्या बांधावरून सासूबाई ओरडत होत्या, “अगं, रोपं तुडवलीस की समदी!” नवनाथने वाकून एक आडवं झालेलं रोप उचललं आणि पुन्हा चिखलात रोवलं.

आता तो मला अधूनमधून तसं म्हणतो. शीळ परत आली आहे, मॅडमनी हो म्हटल्यावर टेम्पो परत मिळाला आणि दुधाचा वासही परत आला. गोळ्यांनी ती बाई नेली आणि तिच्या जागी एक कोरडा ठिपका तेवढा ठेवला. तरी मी हाक मारते आणि त्याचं उत्तर यायला जो एवढासा वेळ लागतो, त्या वेळात मी अजून श्वास रोखून ऐकते, माझ्याआधी त्याला दुसऱ्या कुणी बोलावलं तर नाही ना.